दाजींचा अमेरिकावाला

बहिणीचा फोन आला तेव्हा मी पुस्तक काखेत मारून घराबाहेरच पडत होतो. "वाचायचं राहू दे, तसाच ये... हे गेले रे," ताई म्हणाली. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरापर्यंत मी चालत गेलो. खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, राग आला. शेवटची कादंबरी अर्धी राहिली होती आणि हा माणूस मला टांग मारून निघून गेला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झाले आणि दोन-अडीच वर्षांपूर्वी साखरेनं त्यांचे डोळे नेले. मी बँकेत उमर घालवलेला, औरंगपुऱ्यातून जुनी इंग्रजी पुस्तकं जमवणारा माणूस. दुपारी त्यांच्याजवळ बसून करायचं काय, म्हणून एका अमेरिकन लेखकाच्या सगळ्या रहस्यकथा पहिल्यापासून काढल्या. इंग्रजीत वाचायचं, मराठीत सांगायचं. लेखकाचं नाव दाजींच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते त्याला 'अमेरिकावाला' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. त्याचा गुप्तहेर एकटा, फाटका, दर प्रकरणात मार खाणारा. बडी माणसं सुटतात, गरिबाचं मढं तसंच राहतं, आणि हा पठ्ठ्या शेवटी मेलेल्याच्या घरी जाऊन खरं काय ते सांगून येतो. "येडं हाय का हे? केस बंद झाली, आता तिथं कशाला जातंय?" दाजी चिडायचे. अन् लगेच, "बरं, ती म्हातारी काय म्हणली? तेवढं वाचा."

एका कादंबरीत तळ्यात बुडालेली मोलकरीण आली. दाजींनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "मेव्हणे, माझ्याकडं पण एक हाय." नोकरीच्या सुरुवातीला ते लांबच्या एका ठाण्यात होते. मळ्यात कामाला जाणारी एक तरणी पोर विहिरीत सापडली. गळ्यावर बोटांचे वळ दाजींनी स्वतः पाहिले होते. पण मळेवाला वजनदार. साहेब म्हणाले, पाय घसरून पडली असं लिही. दाजींनी तसं लिहिलं आणि तिच्या आईलाही तसंच सांगितलं. ती बाई आता गंगापूरला भावाकडं राहते, हेही त्यांना ठाऊक होतं.

मी उखडलो. "मग उद्याच चला की!"

"जाऊ. ह्याची सगळी पुस्तकं होऊ द्या, मंग जाऊ."

पुढं दर पुस्तकाला तेच. शेवटी शेवटी तर झालेलं प्रकरणच परत वाचायला लावायचे. माणूस पानं लांबवतोय हे मला काय कळत नव्हतं? "मार द्यायला वाघ, अन् खरं बोलायला शेळी," मी तोंडावर म्हणालो. एरवी टोला परत आला असता. "व्हय," एवढंच म्हणाले.

तेरावं उरकल्यावर मी जीपमध्ये बसून एकटाच गंगापूरला गेलो. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत होती. तुमची पोर पडली नव्हती, तिला मारलं, आणि ते माहीत असून आमच्या दाजींनी खोटं लिहिलं... मी एका दमात सांगून टाकलं. आता ही रडेल, शिव्या घालील, असं वाटलं.

"तेच का, उंच, कपाळावर व्रण असलेले?" तिनं विचारलं. "दरसाल यायचे. दोन वरसं झाली, आले नाय."

हे ताईलाही माहीत नव्हतं.

"तुम्ही बसलात ना, तिथंच बसायचे. पाणी मागायचे. तांब्या रिकामा करायचे अन् उठून जायचे."

"बोलायचे नाहीत काही?"

"नाय. मला पहिल्या दिशीच कळलं होतं, बाबा. तिला शेवटचं न्हाऊ मीच घातलं." तिनं लसणाची टरफलं ओट्याखाली झटकली. "पर त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून पाणी देत गेले."