नात्याचा रकाना

वडील एका मोठ्या, चौदा मजली हॉटेलात लिफ्टमन. सत्तावीस वर्षं वर-खाली. शाळा सातवीतच सुटली, पण इंग्रजी असं धडाधड बोलायचे की ऐकणाऱ्याने बघतच राहावं. आता ते इंग्रजी कसलं म्हणाल, तर सगळं पाहुण्यांकडून उचललेलं. एक शब्द एका देशाच्या चालीत, दुसरा दुसऱ्याच देशाच्या, आणि कुठलंही वाक्य चौदा मजल्यांपेक्षा लांब नाही. त्यांची थोरली लेक विद्यापीठात इंग्रजी आणि भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती. घरात तिला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे, आणि त्यात चेष्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं.

पहिल्याच सत्रात बाईंनी काम दिलं. कुणाचंही इंग्रजी बोलणं दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि जसंच्या तसं कागदावर उतरवा. अडखळणं, थांबणं, मधले 'अं', सगळं. सुधारायचं काही नाही. पोरीने जेवणाच्या टेबलावर वडिलांपुढे फोन ठेवला. ते चक्क शर्ट बदलून, केस विंचरून बसले.

"बाबा, फक्त आवाज घेतेय मी."

"असू दे गं. माणसाने नीटनेटकं बसावं," ते म्हणाले, आणि हॉटेलातल्या गमती इंग्रजीतून सांगत सुटले.

सोबत भरायचा एक फॉर्म होता. त्यात एक रकाना: बोलणाऱ्याशी तुमचं नातं. आता या शहाणीने तिथे काय लिहावं? 'नातं नाही. ओळखीचा लिफ्टमन.' वर्गातल्या बाकीच्यांचे वडील डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब. आपला बाप लिफ्टमन, हे हिच्या हातून लिहवेना. खोटी माहिती दिल्यास पेपर रद्द, असं खाली ठळक छापलेलं होतं. तेही वाचलं तिने, तरी लिहिलंच!

बाईंना ते रेकॉर्डिंग इतकं आवडलं की त्यांनी ते वर्गात लावलं. पहिल्याच वाक्याला मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा वर्गच. आणि ही? हीसुद्धा हसली! कान तापले, पण हसली. घरी जाऊन नळ मोठा सोडून रडली म्हणे. काय उपयोग त्याचा?

बाई मात्र वर्गावर उखडल्या. "हसायला काय झालं? पन्नास देशांची बोली आहे या माणसाच्या कानात. शुक्रवारी त्यांना इथेच बोलवू आपण." मग हिच्या हातात फॉर्म देत म्हणाल्या, "यावर त्यांची सही राहिलीय, ती घेऊन ये."

संध्याकाळी वडिलांनी चष्मा लावला आणि फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. त्या रकान्यापाशी बोट जरा थांबलं.

"घरचं माणूस चालत नाही वाटतं?"

"नाही चालत, बाबा." हे दुसरं खोटं.

"मग आधी सांगायचं की! तुझा पेपर रद्द व्हायला नको. मी कशाला ओळख दाखवतोय?" त्यांनी ठळक सही केली आणि शुक्रवारची रजा टाकली.

शुक्रवारी ते फळ्याजवळ न जाता दाराशीच उभे राहिले, सवयीने. एकेकाने प्रश्न विचारायचा असं ठरलं होतं. या खेपेला कुणी हसलं नाही. उलट उत्तरं ऐकताना पोरं पुढे सरकून बसली. बाई खुशीत येऊन म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी घरच्यांचंच रेकॉर्डिंग केलं. कुणी आईचं, कुणी आजोबांचं. या एकटीने बाहेर जाऊन तुम्हाला शोधून काढलं."

वडिलांनी मान डोलावली. एकदाच लेकीकडे पाहिलं आणि पटकन नजर खिडकीकडे वळवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरचं माणूस चालतं, हे त्यांना आता कळलं होतं, आणि आपण ते का लपवलं, तेही.

तिची पाळी आली. ती बाकाला धरून उभी राहिली. प्रश्न लिहून आणलेला कागद हातातच राहिला.

"बाई, मी खोटं लिहिलं," ती म्हणाली. "हे माझे बाबा आहेत."

बाईंनी दाराकडे पाहिलं.

वडील हसले, पाहुण्यांसाठी हसतात तसं. मग लेकीकडे हात करून बाईंना अदबीने म्हणाले, "या मॅडमची काहीतरी गल्लत होतेय. मी यांच्या फक्त ओळखीचा आहे."