एका वायरीत दोन कामं

कॅमेरा कधी खोटं बोलत नाही, असं कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकानं कॅमेऱ्यांच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. ते अक्षरशः खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावरचा कॅमेरा काहीच बोलेना.

ती बोंडअळीची वर्षं होती. कापसाचे भाव उतरत होते आणि भाषणं लांबत होती. काट्याबद्दल शेतकऱ्यांची कुरकुर वाढली, म्हणून कॅमेरे आले, आणि मालकानं उद्घाटनाचा हार गळ्यात असतानाच जाहीर केलं होतं, की कॅमेरा चालू नसेल तर इथं बोंडभरही कापूस तोलला जाणार नाही. आता कॅमेरा रोज सकाळी बंद पडायचा आणि दुपारी आपोआप सुरू व्हायचा. तोवर गाड्यांची रांग रस्त्याला लागायची.

कॅमेरे माझ्या थोरल्या बहिणीनं बसवले होते. पांढरकवड्याला तिचं दुकान. डिप्लोमा झालेली, जिभेनं फटकळ, आणि आपल्याला काम येतं हे लपवायची गरज तिला कधी वाटली नाही. दुकान उघडून ती जिनिंगवर पोचेपर्यंत दुपार व्हायची, आणि कॅमेरा शहाण्यासारखा चालू असायचा. शेवटी मालकाचा निरोप आला: उद्याही तोलाई अडली, तर सगळं काम नागपूरच्या माणसाला. त्या हंगामात ताईच्या हाती मोठं काम तेवढंच होतं. दुकान बंद ठेवून ती सकाळच्या एसटीनं निघाली. शिडी धरायला मी. मी कॉलेजात मराठी शिकवतो; शिडी धरण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

मालक काट्यापाशीच उभे होते.

"बाई, याले लाइटची वायर कुठी हाये?"

"हेच वायर. यातूनच लाइट जाते, यातूनच फोटो येते."

"एका वायरीत दोन कामं? म्हणूनच एकही होऊन नाही राह्यलं."

ताईनं कॅमेरा खांबावरून उतरवला, ऑफिसात नेला आणि हातभर वायरीनं थेट स्विचला जोडला. स्विच म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांना वीज वाटणारी डबी. कॅमेरा लगेच लागला. म्हणजे कॅमेरा निर्दोष, स्विचही निर्दोष. उरली मधली वायर. संशयितांना एकेक करून सोडून देण्याची ही रीत मला फार आवडली. आमच्या स्टाफरूममध्ये आरोपी आधी ठरतो.

"कुठी चूक असली की हा स्विच वीज देतच नाही," ती शिडी चढताना म्हणाली. "माणसापेक्षा बरा. आधी पाह्यते, मंग देते."

खांबावर वायरीचा जोड ठेवलेली डबी होती. तिनं झाकण उघडलं आणि हसायलाच लागली. डबी कापसानं गच्च भरलेली होती.

म्हातारा चौकीदार पुढं आला. "मीच भरला, बाई. गांधीलमाश्या घर करून राह्यल्या होत्या."

यात नवल नव्हतं. त्या आवारात दाराची फट, पंपाची गळती, दुखरा कान, सगळ्यांवर एकच इलाज होता. फक्त तो कापूस रोज पहाटे दव पिऊन जोडाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखा बसायचा, स्विच वीज तोडायचा, आणि ऊन चढलं की कापूस वाळून सगळं सुरळीत व्हायचं.

"कापूस चांगला हाये, काका," ताई म्हणाली. "जागा चुकली."

तिनं जोड कापून नवा केला, डबी चिकटपट्टीनं बंद केली. ऑफिसातल्या पडद्यावर काटा दिसू लागला. मालकानं नागपूरचं नाव काढलं नाही. उलट, पुढच्या गोदामाचे कॅमेरेही तुम्हीच लावा, म्हणाले. मग रांगेकडे वळून त्यांनी भाषणासाठी घसा साफ केला, आणि पुरावा म्हणून डबीतून निघालेला कापसाचा बोळा शेजारी उभ्या, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हातात ठेवला.

ग्रेडरनं तो सवयीनं दाबून पाहिला आणि म्हणाला, "ओलावा जास्त. वापस न्या."