देवरेताईंची सही

खिडकीत वाकून बोलणाऱ्या मुलांना देवरेताई उत्तर देत नसत. आमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाची खिडकी कोणी आणि का इतकी खाली केली होती कोण जाणे, पण बाहेर उभ्या मुलाला आत बघायचं तर कमरेत वाकावं लागे. मूल वाकलं की ताई हातातला कागद खाली ठेवत आणि म्हणत, "मान मोडून घेऊ नको. दारातून ये, खुर्ची शे." मग ते मूल बिचकत आत येई आणि कागदांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत समोरच्या लाकडी खुर्चीवर बसे. आधी नाव, मग गाव, मग "सकाळी काही खाल्लं का?" आणि मग अर्ज. एवढ्याने रांग लांबे. प्राचार्यांनी एकदा त्यांना सुचवलं की खिडकीतूनच काम केलं तर वेळ वाचेल. ताई म्हणाल्या, "सर, वाकलेला माणूस प्रश्न विचारत नाही, हो म्हणून निघून जातो. मग परत येतो. वेळ तिथं जातो."

मी त्या कॉलेजात भूगोल शिकवायला लागले तेव्हा तासिका तत्त्वावर होते. म्हणजे दर वर्षी नवी ऑर्डर, आणि ती निघेल की नाही हे जूनपर्यंत कोणालाच ठाऊक नसे. अशा शिक्षकांच्या गळ्यात कॉलेजची नको असलेली कामं पडतात. माझ्या गळ्यात शिष्यवृत्ती समिती पडली. सरकारी परिपत्रकं कॉलेजच्या नावाने माझ्या मेलवर येणार, मी ती ताईंना देणार, एवढंच माझं काम. बाकी सगळं ताईंचं.

ताई मूळच्या देवळ्याच्या. तीस वर्षं नाशकात काढूनही घाईत असल्या किंवा माया दाटून आली की बोलण्यात अहिराणी उतरे, 'आहे'चं 'शे' होई, 'आता'चं 'आते'. एरवी बोलणं अगदी शहरी. सिडकोत दोन खोल्यांचं घर, नवरा कंपनीतून निवृत्त झालेला, अतिशय अबोल. प्रवेशाच्या दिवसांत स्वयंपाक तेच करत आणि दुपारी डबा घेऊन स्वतः कॉलेजात येत. डबा टेबलावर ठेवायचा, बायकोकडे एकदा बघायचं आणि निघायचं. ताई म्हणत, "एवढं बोलले आज. पुष्कळ झालं."

नियम दर वर्षी बदलत. कधी हजेरीची अट येई, कधी खातं आधारला जोडायचं, कधी कोणत्या अभ्यासक्रमाला मुलींची फी पूर्ण माफ, कोणत्या नाही. आम्ही शिक्षक कंटाळून जायचो. ताई मात्र नवं परिपत्रक आलं की चष्मा पुसून ते मोठ्याने वाचत, एकट्याच असल्या तरी. "परिपत्रक म्हणजे नवी सून," त्या म्हणत. "पहिल्या दिवशी कोणी लक्ष देत नाही, आणि सहा महिन्यांनी घर तिच्याच म्हणण्यावर चालतं."

त्यांचा चिवटपणा मी पहिल्यांदा पाहिला तो येवल्याच्या एका मुलीच्या वेळी. तिचे वडील पैठणीच्या मागावर बसत. पोर्टल सांगत होतं की शिष्यवृत्ती जमा झाली, आणि मुलीचं पासबुक कोरं. ती तीनदा बँकेत जाऊन आली होती. ताईंनी तिला समोर बसवलं आणि गेल्या वर्षभरात तिने कुठेकुठे अंगठा दिला ते विचारलं. मुलगी आठवत राहिली. रेशन दुकान. आरोग्य केंद्र. मग म्हणाली, "एकदा सिमकार्ड घेतलं होतं, तेव्हा दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला. पहिला नीट उमटला नाही म्हणाला."

"पहिला चांगला उमटला होता," ताई म्हणाल्या. "दुसरा कशाला घेतला ते बघू."

त्या दुसऱ्या अंगठ्यावर मुलीच्या नावाने मोबाइलवरचं एक खातं उघडलं गेलं होतं. आधार त्याला जोडलं गेलं आणि शिष्यवृत्ती तिथे जाऊन पडली होती. मुलीला त्याचा पत्ताच नव्हता. ताईंनी तिला घेऊन दोन दिवस खटपट केली आणि खातं सोडवलं. त्या वर्षापासून त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला विचारत, "सिम कुठून घेतलं?"

अशा बाईच्या हातून चूक झाली, असं कॉलेजच्या कागदावर लिहिलेलं आहे. ती कशी झाली ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले.

हेमलता भोये सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून आलेली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला तोवर दर वर्षी नवा उत्पन्नाचा दाखला लागत असे. त्या वर्षी नियम बदलला. आधीच्या दाखल्याची मुदत संपलेली नसेल तर तोच चालेल, असं परिपत्रक निघालं. ते एका शुक्रवारी माझ्या मेलवर आलं. मी तेव्हा दोन कॉलेजांत तास घेत होते, त्यात उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. वेबिनारच्या निमंत्रणांच्या ढिगात ते परिपत्रक न उघडलेलं पडून राहिलं.

सोमवारी हेमलता खुर्चीवर बसली होती. ताईंनी तिचा जुना दाखला पाहिला आणि म्हणाल्या, "बाळ, या वर्षीचा लागेल. घेऊन ये, मी लगेच पुढे पाठवते." आणि त्यांनी अर्ज पोर्टलवरून परत पाठवला. मुलगी "हो" म्हणाली आणि गेली. पुन्हा आलीच नाही.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या कॉलेजातल्या एका क्लार्कचा ताईंना सहज फोन आला आणि बोलण्यात त्या नियमाचा विषय निघाला. ताई स्टाफरूममध्ये माझ्याकडे आल्या. "मॅडम, तुमच्या मेलवर काही आलंय का बघा बरं."

मी मोबाइलवर शोधलं. परिपत्रक होतं. ताईंनी ते माझ्या हातातून घेऊन उभ्याउभ्या दोनदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मला वाटलं आता ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या, "सहा अर्ज परत पाठवलेत मी." आणि वळून गेल्या. पाच जणांनी दरम्यान नवा दाखला आणून दिला होता. राहिली होती ती हेमलता, आणि मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

वसतिगृहात चौकशी केली तर ती खोली सोडून गेली होती. नाशकातच अंबडला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. रविवारी मी स्कूटर काढली आणि ताई मागे बसल्या. कंपन्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. हेमलता दाराशी कंपनीचा गणवेश धूत होती. आम्हाला पाहून अर्धवट उठली, पण हात बादलीतून काढले नाहीत, तशीच ओणवी.

"कशी आहेस?" ताईंनी विचारलं.

"बरी हाय."

"दाखल्याचं काय झालं?"

"बाबा पिंपळगावला द्राक्षाच्या कामावर. ते आल्याशिवाय तलाठी कागद देत नाय. मी तहसीलला दोनदा जाऊन आले. मग सोडून दिलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ते मला जास्त लागलं.

ताई म्हणाल्या, "हेमलता, तो दाखला लागतच नव्हता."

तिला समजलं नाही. "काय?"

"नियम बदलला होता. तुझा जुना कागद चालला असता. मी अर्ज परत पाठवायला नको होता. चूक माझी."

मी तिथेच होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तो क्षण गेला आणि मी स्कूटरच्या आरशाकडे बघत राहिले.

हेमलताने गणवेश जोरात पिळला. "मग आता कशाला आल्या?" तिचा आवाज चढला. "मी सगळी पुस्तकं देऊन टाकली. बाबांना सांगितलं, तुमची पोरगी शाळेत हुशार होती, कॉलेजात नाय चालली. आता काय सांगू त्यांना?"

"खरं सांग. कॉलेजच्या बाईने घोळ घातला म्हण." ताई तिथल्याच दगडावर टेकल्या. "मी दोन कामांसाठी आले. एक, माफी मागायला. ते झालं. दुसरं, तुला परत न्यायला. ते तुझ्यावर शे. अर्ज पुन्हा उघडून आणायचं माझ्यावर."

"आणि नाय उघडला तर?"

खोटं आश्वासन त्यांनी कधी कोणाला दिलेलं मी पाहिलं नाही, तिलाही दिलं नाही. आतून तिच्या खोलीतल्या मुलीने कोरा चहा आणून दिला, तो आम्ही प्यायलो आणि निघालो. हेमलता हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

सोमवारी ताईंनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. विद्यार्थिनीचा अर्ज माझ्या चुकीमुळे परत गेला, त्यात तिचा काही दोष नाही, तरी तो पुन्हा उघडून मिळावा. खाली सही. प्राचार्य पत्र वाचून घाबरले. "ताई, एक वर्ष राहिलंय तुमच्या निवृत्तीला. 'तांत्रिक अडचणीमुळे' असं लिहा ना. सगळे तसंच लिहितात."

"पोर्टल त्या दिवशी सुरू होतं सर. त्याला कशाला बदनाम करायचं?"

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "ताई, मेल माझ्याकडे आला होता. माझं नाव घाला."

"तुझी ऑर्डर दर वर्षी निघते," त्या हळूच म्हणाल्या. "माझी एकदाच निघाली, तीस वर्षांपूर्वी. कोणाचं काय जाईल त्याचा विचार कर ना."

"पण चूक..."

"आते बस कर. तास आहे ना तुझा? पोरं वाट बघत असतील."

मी तासाला गेले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज आजही जात नाही.

वरच्या कार्यालयात ताई चार वेळा गेल्या. पहिल्या वेळी साहेबांनी मुदत संपल्याचं सांगून वाटेला लावलं. दुसऱ्या वेळी साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या वेळी ताईंनी ते परिपत्रक त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला घेतलं, पहिल्या ओळीपासून. कार्यालयातली माणसं माना वर करून ऐकू लागली. चौथ्या वेळी अर्ज उघडला. आणि कॉलेजच्या संस्थेने ताईंना निष्काळजीपणाबद्दल लेखी समज दिली आणि त्यांची शेवटची वेतनवाढ रोखली. ते पत्र त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि खुर्चीवर बसलेल्या मुलाला म्हणाल्या, "हं, गाव कुठलं म्हणालास?"

हेमलता महिना भरल्यावर कंपनी सोडून आली. पुस्तकं आम्ही ग्रंथालयातून दिली. त्या परीक्षेत तिचा एक विषय गेलाच, तो तिने पुढच्या सत्रात सोडवला.

ताईंच्या निरोप समारंभाला सगळं रीतसर झालं. शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्य चांगले गृहस्थ, त्यांना झाकून न्यायचं होतं. ते म्हणाले, "तीस वर्षांत ताईंच्या कामावर एकही डाग नाही." ताई बोलायला उठल्या. "सर प्रेमाने म्हणाले, पण एक आहे," त्या म्हणाल्या. "एका मुलीला माझ्या टेबलावरून कंपनीत जावं लागलं. ते फाइलला आहे, राहू द्या. माझ्या जागी जो येईल त्याने ती फाइल आधी वाचावी." सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. त्या माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी बघितलं नाही.

ताई नवऱ्यासह देवळ्याला गेल्या. गेल्या वर्षी मी कायम झाले. या वर्षी हेमलता पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला आली. ती आता बी.एड. करणार आहे. मी तिला रिकाम्या वर्गात नेलं आणि सगळं सांगितलं. मेल, शुक्रवार, व्हरांडा. ती बाकावरच्या कोरीव नावांवरून बोट फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "अंबडला तुम्हीपण आल्या होत्या मॅडम. बोलल्या फक्त ताई." पिशवी उघडत म्हणाली, "आता बोललात. ठीक हाय." आणि प्रमाणपत्र पिशवीत घालून गेली.

संध्याकाळी मी ताईंना फोन केला आणि हेमलताला सांगून टाकल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "ताई, उद्या प्राचार्यांकडे जाऊन फाइलमध्येही माझं नाव लिहून देते."

"त्या कागदाला हात लावू नको," ताई म्हणाल्या. "कागदावर माझं नाव असलं तर काय बिघडतंय? माझी नोकरी संपली. पोरीला खरं कळायला पाहिजे होतं. ते तू केलं, बेस केलं."

मग त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला.

"बरं, या वर्षीचं नवं परिपत्रक आलं का? वाच बरं. पहिल्या ओळीपासून वाच, आणि जरा मोठ्याने."