पानवेलीच्या दारी अनवाणी

अवं पोरी, ये, अशी जवळ बस; पण आधी त्या चपला बाहेर काढ. पानवेलीपाशी कोणी चपला घालून येतं का?

इंग्रजांच्या अमलात, लहानपणी मी आईसोबत अमरावतीच्या सरकारी बागेतलं काचघर पाहायला गेले होते. दारात एक उंच, सावळी पानमळेवाली उभी होती. आतली पानवेल तिच्याच मळ्यातून नेलेली; ती जगली का, एवढंच तिला बघायचं होतं.

शिपाई म्हणाला, "अनवाणी माणसाले आत मनाई आहे."

तिनं काखेतल्या वहाणा दाखवल्या. "हायेत मले. पण पानमळ्यात आमी देवळावानी जातो. माह्या वेलीपाशी पायताण घालून कावून जाऊ?"

शिपायानं वाकून स्वतःचेच बूट काढले आणि दार उघडलं.

ती मान ताठ करून आत गेली, मागून आम्ही सगळे अनवाणी. वेल छताला टेकली होती. कोवळं पान गालाला लावून ती म्हणाली, "लेक सासरी रुजली माही."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण माझ्या वेलीपाशी चप्पल येत नाही ती तेव्हापासून. नवी पानं फुटून राहिलीत बघ. लवकर पुन्हा ये, तुला विडा करून देते.