सुधारलेली सुंदरा

भरवणाऱ्या हाताला आपण सहसा दोष देत नाही. वात्सल्याची पहिली भाषा अन्नाची. समोरचे ताट रिते दिसताच ज्याचा जीव कळवळतो, त्याच्या ठायी देवत्वाचा अंश मानण्याची आपली रीत. शेणवे गावच्या सावळारामांजवळ ते वात्सल्य उदंड होते. ते कुठे थांबावे, एवढेच त्यांना वेळेवर उमगले नाही.

मुरबाडजवळच्या एका संशोधनसंस्थेत ते उंदीर सांभाळीत. एका रांगेला साधे खाद्य, दुसरीला चरबीचे. पुढे दोन्ही रांगांत दम्यासारखा विकार उत्पन्न केला जाई.

घरी पत्नी सुंदराला दमा होताच. लग्नात ती काडीसारखी होती. सावळारामांनी तूपभात भरवून तिला अंगाने भरदार केले. पाणवठ्यावर बायका म्हणत, "सुधारलीस गो सुंदरा!" जाड होण्याला तिकडे सुधारणे म्हणतात, आणि सावळाराम तो शब्द बिरुदासारखा मिरवीत. शहापूरच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले, ते त्यांनी हसण्यावारी नेले.

एके दिवशी संशोधिका हर्षाली सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाली, "मामा, तुमच्या जाड मंडळींच्या श्वासनळ्या बघा किती सुजल्यात. बारक्यांना एवढा त्रास नाही."

"म्हंजे सुधारलेल्यांना दमा जादा?"

"सुधारलेले कसले मामा, लठ्ठ!" ती हसली. "पण हे उंदरांचं हं. माणसांचं एवढ्यावरून नाही सांगता येत."

सावळारामांना हसू आले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी सुंदराच्या भातावर तूप घातले नाही. ती ताटाकडे पाहतच राहिली.

"काय वो, उंदरांना चरबी नि मला कोरडा भात? जड झाले का आता तुमाला?"

एवढे बोलतानाही तिला धाप लागली. नळ्यांची गोष्ट त्यांच्या ओठांशी आली होती. पण तिचे डोळे भरलेले दिसले आणि त्यांनी तुपाची वाटी पुढे सरकवली. "नाय गो, इसरलो."

उद्या सांगू, असे ते मनाशी म्हणाले. तो उद्या लांबतच गेला.

माघातल्या एका सकाळी, चुलीच्या धुरात तिला लागलेला दम दम्याच्या औषधाच्या पंपाने आवरला नाही. जीप शहापूरला पोहोचण्यापूर्वीच ती गेली. तूप आवरले असते तर ती वाचती, असे कुणीच म्हणू शकत नाही. हर्षालीही म्हणाली नाही. पण सांगायचे होते ते राहिलेच.

सुंदरामागे तिचा अर्धा भरलेला पंप उरला आहे, आणि कुणी कुणाला "सुधारलीस" म्हटले की उठून जाणारे सावळाराम.