बहिणीनं जोडलेला कम्प्युटर

आमच्या जुन्या जालन्यातल्या घरी जो कम्प्युटर आहे तो माझ्या धाकट्या बहिणीनं जोडलेला. पॉलिटेक्निकला असताना तिनं त्याचा एकेक भाग आणून कपाटात ठेवला होता. सगळे भाग जमल्यावर मधल्या खोलीत चादर अंथरली आणि धूळ उडू नये म्हणून पंखा बंद केला. घाम पुसत पुसत तिनं तो उभा केला. मी तिचा मोठा भाऊ, बियाण्यांच्या कंपनीत ऑफिसचं काम करणारा. मला त्यातलं चालू-बंद करायचं बटण तेवढं कळायचं.

खेळायचो मात्र दोघं. गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. ती वळणावर ब्रेक न दाबता गाडी काढायची आणि मी दर वेळी दरीत. आमचे वडील, अण्णा, आपल्या कापडाच्या दुकानातून जेवायला आले की दारातच थांबायचे. "पोरगी सासरी जायची अन् गाड्या कशाच्या उडवून राह्यली?" असं म्हणायचे. पण आत येऊन थोडा वेळ बघायचेही.

तिनं मुद्दाम असा प्रोसेसर निवडला होता की ज्याचा वेग कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा वाढवता येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. मी एकदा विचारलं, मग वाढव की. ती म्हणाली, "बराबर चालून राह्यलंय ना? मंग कशाला? अडलं की करू."

अडायच्या आधी तिचं लग्न झालं. हसनाबादला दिली. बागायती शेती असलेलं घर, मुलाचं गावातच खतं-औषधांचं दुकान. माणसं वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. लग्नाच्या बोलणीत तिचे सासरे म्हणाले होते की आमच्याकडं पोरीला काही कमी पडायचं नाही, नोकरीची तर गरजच नाही. अण्णांना ते ऐकून बरं वाटलं होतं. ती चहाचा ट्रे धरून उभी होती. तिला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

कम्प्युटर माझ्याकडं राहिला. तिच्याशी बोलणं मात्र कमी झालं. तिचा फोन ओसरीतल्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. मी लावला की आधी सासूबाई उचलायच्या, ख्यालीखुशाली विचारायच्या, मग तिला हाक मारायच्या आणि तिथंच शेंगा फोडत बसायच्या. जेवलास का, आईचे गुडघे कसे आहेत, ऊन लई पडलंय, ठेवते. एवढंच. जावई दिवसभर दुकानात. आले की जेवून मित्रांत.

उन्हाळ्यात त्या गेमची नवी आवृत्ती आली आणि आमचा कम्प्युटर धापा टाकायला लागला. गाडी वळणाआधी अडकायची आणि सुटेपर्यंत दरीत गेलेली असायची. तेव्हा मला तिचं बोलणं आठवलं. जेवायच्या सुट्टीत घरी आलो होतो, तिथूनच फोन लावला आणि सासूबाईंना म्हटलं, "मावशी, कम्प्युटरचं विचारायचं होतं जरा."

"मला काय कळतंय बाबा त्यातलं," त्या म्हणाल्या आणि फोन तिच्याकडं दिला.

तिचा आवाज एकदम बदलला. कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकत होतो. "दादा, कॅबिनेटची बाजू उघड. पंख्यावर धूळ बसलीय का? आधी ती काढ. ब्रशनं काढ, फडक्यानं न्हाई." मग तिनं मला चालू करतानाच बायोस नावाच्या पानात कसं शिरायचं ते सांगितलं. वेगाचा आकडा कुठं आहे, विजेचा कुठं आहे. "विजेला हात लावायचा न्हाई. वेग एकच पायरी वाढव. मंग प्रोसेसरला दमवायची टेस्ट लाव अन् टेम्परेचर बघत बस. काय येतंय ते उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. सगळं ठीक होतं. "आता अजून एक पायरी," ती म्हणाली. "उद्या सांग."

असं सुरू झालं. दुपारी सासूबाईंचा डोळा लागायचा, तरी आम्ही कम्प्युटरचंच बोलायचो. ती मला समजावून सांगायची. वेग वाढवला की प्रोसेसर जास्त तापतो. जास्त वेगाला जास्त वीज लागते आणि वीज वाढवली की आणखी तापतो. म्हणून घाई करायची नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नाहीच. एकदा मध्येच निळा पडदा येऊन सगळं बंद पडलं. मी घाबरून फोन केला तर ती खळखळून हसली. "काही होत न्हाई त्याला. एक पायरी खाली ये." तिकडून सासूबाईंचा आवाज आला, काय झालं गं? ती म्हणाली, "काही न्हाई आत्या, दादानं कम्प्युटर बंद पाडला." तिचं हसणं लगेच थांबलं.

आई म्हणायची, बरं झालं, निदान रोज आवाज तरी ऐकू येतो.

पण मी वैतागलो होतो. इंटरनेटवर पोरं एका बैठकीत हे काम उरकत होती आणि मला मात्र रोज एक पायरी. कधी ती आधीचीच टेस्ट पुन्हा लावायला सांगायची. एका रविवारी टळटळीत दुपारी एका व्हिडिओत बघून मी वेगाचा आकडा एकदम वर नेला आणि विजेचाही वाढवला. टेस्ट लावली. टेम्परेचर बघता बघता चढलं, पंखे ओरडायला लागले आणि कम्प्युटर खटकन बंद पडला. पुन्हा लावला तर पंखे फिरत होते, दिवे लागत होते, पडद्यावर मात्र काहीच नाही.

मी तिला फोन केला. ती रागावली नाही. तिनं शांतपणे सांगितलं की आधी वायर काढ, बोर्डवर घड्याळातल्यासारखा गोल सेल आहे, तो काढून ठेव, थोड्या वेळानं परत बसव. म्हणजे सगळे आकडे होते तसे होतात. तो सेल पडद्याला चित्र पुरवणाऱ्या ग्राफिक्स कार्डच्या खाली दडलेला होता. मी कार्ड उपसलं, सेल काढला, बसवला, कार्ड परत लावलं. पडदा काळाच.

"नाही झालं," मी पुन्हा फोन करून सांगितलं. "जाऊ दे आता. नाद सोडतो मी याचा."

मला वाटलं फोन कट झाला. मग तिचा आवाज आला, अगदी हळू. "मंग आता मला फोन कशाला करशील तू?"

आणि ती रडायला लागली. तोंडावर पदर धरून रडत असावी, कारण आवाज फार येत नव्हता. रोज एकच पायरी का, हे मला तेव्हा समजलं. तिला ते काम संपूच द्यायचं नव्हतं.

"कुणी काही बोललं का तुला?" मी विचारलं.

"न्हाई."

"हात उचलला?"

"न्हाई रे दादा. कुणी काहीच करत न्हाई. माझ्याशी कुणी बोलतच न्हाई. भाजी काय करू अन् पाणी आलं का, एवढंच. मी दिवस दिवस तोंड उघडत न्हाई."

मी सांगितलं, कम्प्युटर घेऊन येतो, तूच बघ.

कॅबिनेट आणि कीबोर्ड गोधडीत गुंडाळून मी सकाळच्या एसटीत बसलो. राजूरपर्यंत गणपतीला जाणाऱ्यांची गर्दी होती. शेजारच्या आजीनं विचारलं, "टीव्ही हाय का रे?" मी म्हटलं, कम्प्युटर आहे, बहिणीकडं नेतोय दुरुस्तीला. "बहीण दुरुस्त करती?" आजी म्हणाली आणि तिनं आपली पिशवी सरकवून गोधडीला जागा करून दिली. राजूरला गाडी रिकामी झाली. पुढचा रस्ता मी ते धूड मांडीवर घेऊन तिथं काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. एकही वाक्य धड जमत नव्हतं.

ती दारातच उभी होती. वाळली होती. सासूबाईंनी पाणी दिलं, सासऱ्यांनी शेतीपाण्याचं विचारलं. योगायोगानं जावईही दुकानातून जेवायला आले होते. मी गोधडी सोडली. मॉनिटर मी बरोबर आणला नव्हता, म्हणून तिनं ओसरीतल्या टीव्हीची सेट-टॉप बॉक्सला गेलेली वायर काढून कम्प्युटरला जोडली. सासऱ्यांच्या बातम्या गेल्या. ते रिमोट हातात धरून राहिले.

तिनं बांगड्या वर सरकवल्या आणि खाली बसली. आधी नुसती आत बघत राहिली. मग ग्राफिक्स कार्डावर अंगठा ठेवून दाबलं. खट्‌ असा आवाज आला.

"नीट बसलंच नव्हतं हे," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "सेल काढताना उपसलं अन् अर्धवट लावलंस."

बटण दाबलं. टीव्हीवर आधी कंपनीचं चिन्ह आलं, मग आकड्यांचं ते पान. सगळं मूळच्या वेगावर परत आलं होतं. प्रोसेसरला काही झालं नव्हतं. ती एकेक ओळ बघत, खालीवर करत, स्वतःशीच पुटपुटत होती. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो. सासूबाईसुद्धा.

जावई म्हणाले, "हे तुला येतं हे कधी सांगितलं न्हाई."

ती मागं न वळता म्हणाली, "तुम्ही विचारलं न्हाई."

नंतर ताटं वाढली, जेवणं झाली. जेवताना सासूबाई दोनदा म्हणाल्या की पोरगी कामाला चांगली आहे, आमची काही तक्रार नाही. मी निघताना म्हटलं, "मावशी, चार दिवस माहेरी नेतो हिला. आई आठवण काढती." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं मुलाकडं. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या की." तिनं पिशवी भरायला इतका कमी वेळ घेतला की माझ्या लक्षात आलं, ती आधीच भरलेली असणार.

चार दिवस झाले आणि ती परत जायला तयार होईना.

त्यानंतरचे आठवडे आमच्या घरात फार वाईट गेले. अण्णा माझ्यावर चिडले. "तू तिला फोन करकरून बिघडवलंस. लोक मला दुकानात येऊन विचारून राह्यले, पोरगी का आली. काय सांगू? तिला कुणी मारलं न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई. सासरी कुणी बोलत न्हाई म्हणून येतं का कुणी निघून?" तिचा आवाज आला की ते पायात चप्पल घालून बाहेर पडायचे. आई दोघांच्या मध्ये. मला कंपनीत काम सुचायचं नाही. अण्णांचं सगळंच चुकीचं आहे असंही वाटत नव्हतं आणि तिला परत सोडून यायला मनही तयार नव्हतं.

ती मात्र भांडली नाही. सकाळी आईला हातभार लावायची आणि दुपारी कम्प्युटरपुढं बसायची. एक दिवस तिनं आपल्या पद्धतीनं वेग थोडा वाढवला, टेस्ट लावली, टेम्परेचर बघितलं आणि तिथंच थांबली. म्हणाली, "आपल्या उन्हाळ्याला एवढाच बरा." गेम मात्र तिनं उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाली, मन लागत न्हाई.

मग ती एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायला लागली. पहिल्या दिवशी अण्णा तिच्या आधीच दुकानात निघून गेले. नंतर एकदा पाऊस होता तेव्हा ते दुकान कामावरच्या पोराच्या भरवशावर टाकून छत्री घेऊन क्लासपर्यंत गेले. दोघं एकाच छत्रीतून परत आले. आई आणि मी खिडकीतून बघत होतो.

जावई मध्ये मध्ये येतात. बाहेरच्या खोलीत बसतात, चहा घेतात, दुकानाचं सांगतात. पूर्वीपेक्षा जास्त बोलतात, पण बहुतेक माझ्याशी. गेल्या वेळी ती स्वतःच बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसली.

"मी जालन्यात खोली बघून राह्यले," ती म्हणाली. "एक न्हाई तर दोन महिन्यांत मिळंल. तुमचं दुकान हितं बी चालंल. तुम्हाला यायचं असंल तर या. मला राग न्हाई तुमचा."

त्यांनी बराच वेळ कपाची कड पुसली. मग म्हणाले, "विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

ते उठले, माझा निरोप घेतला, अण्णांच्या पाया पडायला दुकानात गेले आणि तिथून गावी गेले. त्यांनी अजून कळवलेलं नाही. ती रोज क्लास सुटल्यावर खोल्या बघते. मी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणते.