दुसऱ्याच्या पावलांवरचा आंब्रोस

आंब्रोस लेहनर गेली अठ्ठावीस वर्षं ग्रिमहोर्नवर चढतो आहे आणि या अठ्ठावीस वर्षांत त्याने ताज्या बर्फात स्वतःचं एकही पाऊल उमटवलेलं नाही. मी हे हवेत बोलत नाही. हिमनदीच्या काठावरचा डोंगर-निवारा मी चालवते, आणि माझ्या ओट्यावरच्या दुर्बिणीतून अख्खा ग्रिमहोर्न दिसतो. कोण किती वाजता कुठे पोचला, कोण कुठे पाठ फिरवून लघवीला उभा राहिला, सगळं दिसतं. आंब्रोस दिसतो तो नेहमी शेवटी. वाटाड्याचा बिल्ला छातीवर लावून, गिऱ्हाइकाला दोराने मागे बांधून, दुसऱ्याने पाडलेल्या पावलांच्या खड्ड्यांत आपले बूट नीट बसवत चाललेला असतो.

निवारा जूनच्या मध्याला उघडतो. तेव्हा हिवाळ्याचं बर्फ सगळ्या भेगांवर जाड बसलेलं असतं, पहाटे दगडासारखं आणि दुपारी लापशी. डोंगर तेव्हा सगळ्यात चांगला, पण वाट पडलेली नसते. कुणीतरी गुडघाभर बर्फातून रेटत पहिली वाट फोडावी लागते, आणि ते काम बैलाचं आहे. आंब्रोस पहिले चार दिवस खाली गावात असतो. काय, तर छपराची कौलं बदलायची आहेत. दर जूनला त्याची कौलं बदलायची असतात. पाचव्या दिवशी वाट पडली की स्वारी हजर. जुलैमध्ये भेगांवरचे बर्फाचे पूल पातळ होतात, पण वाट मळलेली असते, म्हणून जुलै हा आंब्रोसचा खास महिना. ऑगस्टमध्ये वरचं बर्फ जाऊन खालच्या जुन्या हिमाची निळी काच उघडी पडते आणि वरून दगड सुटतात, तेव्हा त्याचा गुडघा दुखतो. सप्टेंबरात त्या काचेवर वीतभर नवं बर्फ पडतं, खालचं काहीच दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या बहिणीची द्राक्षं पिकतात.

आमच्या दरीत एक रीत आहे. नव्या बर्फात जो वाट फोडतो त्याला त्या दिवशी मागून आलेल्या प्रत्येकाने दुपारी माझ्या ओट्यावर एकेक पेला पांढरी वाइन पाजायची. वाटेची वाइन म्हणतात तिला. गिऱ्हाईक असो की वाटाड्या, पाजल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आंब्रोसने किती पेले चुकवले असतील, देव जाणे. कधी तो मागच्या बाजूने परस्पर उतरतो, कधी त्याच्या गिऱ्हाइकाचं डोकं दुखत असतं, आणि कधी तो सरळ बाकावर बसून सूप पितो आणि त्याला ऐकूच येत नाही.

त्याला ‘शेपूट’ हे नाव मी दिलं. त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नव्हता. एकदा ओट्यावर वीस-पंचवीस माणसांत वाटेबद्दल चर्चा चालली होती आणि हा मधेच म्हणाला, “डावीकडून गेलं तर बरं पडेल.” मी सुपाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, “शेपटीला तोंड नसतं, आंब्रोस.” ओटा हसून हसून लोळला. त्यानंतर ते वाक्य दरीभर झालं. गावातल्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, आंब्रोसने तोंड उघडलं की कुणीतरी ते म्हणणारच. तोसुद्धा हसायचा. ते बघून मला त्याचा जास्तच तिटकारा यायचा. अंगाला शेण लागलं तरी पुसायचं नाही, असला माणूस.

आणि मग थेओडुल गेला. थेओडुल माझा नवरा, दरीतला सगळ्यात दांडगा वाटाड्या. अकरा वर्षांपूर्वी, जुलैतच, शिखराखालच्या शेवटच्या उभ्या भिंतीच्या पायथ्याशी जी मोठी भेग आहे तिच्यावरच्या बर्फाच्या पुलासकट तो खाली गेला. दोर तुटला, गिऱ्हाईक काठावर राहिलं. आंब्रोस वीस पावलं मागे होता. नेहमीसारखा. त्यानेच ते गिऱ्हाईक खाली आणलं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. मी त्याला आत ये म्हटलं नाही. मागे होता म्हणून वाचला, एवढंच मी अकरा वर्षं त्याच्याकडे बघून म्हणत आले. मनातल्या मनात, आणि कधी कधी मोठ्यानेही.

माझी मुलगी वेरेना तेव्हा पंधराची होती. आज ती स्वतः वाटाडी आहे. बापासारखी चालते, बापासारखीच बोलते, आणि त्या मोठ्या भेगेपाशी ती पोचते ती पंधरा मिनिटं मी दुर्बिणीला चिकटलेली असते. चुलीवर काही करपलं तरी चालतं. ती पलीकडे गेली की मी श्वास सोडते. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

निवाऱ्याच्या दाराशी फळा आहे. रोज संध्याकाळी मी त्यावर डोंगराची हालत लिहिते: बर्फ कसं आहे, वाट आहे की नाही, पूल कसे आहेत. खाली त्या वाटाड्याचं नाव, ज्याच्या पावलांनी ती खबर आली. नावाशिवाय खबर लिहायची नाही, हा थेओडुलच्या बापापासूनचा नियम. शहरातून येणारे हुशार लोक फोनवर हवामान बघतात, सात ठिकाणचं बघतात, आणि शेवटी फळ्यासमोर येऊन उभे राहतात. आंब्रोसचं नाव त्या फळ्यावर कधी आलं नाही. येणार कुठून?

या जुलैतल्या शुक्रवारी संध्याकाळी मी लिहिलं होतं: ‘वाट शिखरापर्यंत पडलेली. मोठ्या भेगेवरचा पूल चांगला. वेरेना.’ मंगळवारी तिनेच ती वाट फोडली होती, आठ पेले वाइन मिळवली होती, आणि शुक्रवारपर्यंत रोज दोन-तीन दोर, म्हणजे एकेका दोराला बांधलेल्या टोळ्या, त्या वाटेवरून जाऊन आले होते. आमच्या दरीत पडलेल्या वाटेवर पाद्र्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतात. माझाही होता. रात्री ढग आले आणि गोधडीसारखे डोंगरावर पसरले. अशा रात्री बर्फाची ऊब उडून जात नाही, ते आतून गोठत नाही, हे मला शेंबडी होते तेव्हापासून ठाऊक आहे. पण पहाटे निवाऱ्याच्या भिंतीवरचा पारा शून्याखाली दोन दाखवत होता, वाट डोळ्यांसमोर आखलेली होती, आणि मी फळा पुसला नाही.

त्या सकाळी दोनच दोर निघाले. वेरेनाबरोबर बाझेलचा एक दाताचा डॉक्टर आणि त्याची बायको. दोघांचे कपडे इतके नवे की चालताना कुरकुरत होते. आंब्रोसबरोबर एक निवृत्त शाळामास्तर. आंब्रोस नेहमीप्रमाणे बुटाखालचे लोखंडी काटे बांधत वेळ काढत बसला. ते पट्टे तो तीनदा सोडतो आणि तीनदा बांधतो, पुढचे निघून जाईपर्यंत.

वेरेना कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. “आंब्रोसकाका, आज तुम्ही पुढे.”

“मी? नको गं. तू हो पुढे, तुझी माणसं ताजी आहेत.”

“माझी माणसं पहाटेपासून भांडताहेत. आणि वाट तयार आहे, माझीच आहे. तुम्हाला फक्त पाय ठेवायचेत. की पुढून वारा लागतो?”

मास्तर खो खो हसला. मी दारातून म्हटलं, “जा रे आंब्रोस. मरण्याआधी एकदा समोरचा डोंगर बघून घे. आजवर फक्त लोकांची ढुंगणं बघितलीस.”

तो गेला. मान खाली घालून गेला, पण पुढे गेला.

सकाळी सातच्या सुमाराला ते मोठ्या भेगेपाशी पोचले. मी दुर्बिणीला डोळा लावला. पुढचा ठिपका थांबला, आणि मग खाली बसला. भर वाटेत, पुलाच्या तोंडाशी, बर्फावर बूड टेकून. मागचे चार ठिपके त्याच्याभोवती गोळा झाले. स्वयंपाकघरातला वायरलेस खरखरला.

“आई, हा बसलाय.” वेरेना चिडली होती. “पूल पार करायचा नाही म्हणतो. मी पुढे होते म्हटलं तर वाटेतून उठत नाही.”

“का? काय झालंय?”

“काही नाही झालेलं! वाट समोर आहे, पारा खाली आहे. घाबरलाय.”

मग आंब्रोसचा आवाज आला. धाप लागल्यासारखा. “क्रेसेन्स, पुलावरची पावलं बघतोय मी. मंगळवारी सरळ रेषेत असतील, आता मधली चार खाली गेलीत. जुनी गादी मधे बसते तशी. आणि काठी टोचली तर वर पापड आहे, खाली सगळी लापशी.”

“दोन बोटं खाली असतील, आई,” वेरेना मधेच ओरडली. “दोन बोटं!”

मी काय केलं ते इथे लिहिते, कारण दुसऱ्याबद्दल इतकं लिहिल्यावर स्वतःचं लपवणं बरं दिसत नाही. बोलायचं बटण दाबून मी म्हटलं, “आंब्रोस, बाजूला हो. तुला भीती वाटते तर तू परत ये. मुलीला जाऊ दे.”

वायरलेस पुन्हा खरखरला.

“नाही होणार,” आंब्रोस म्हणाला. “एकदा झालो होतो बाजूला. तुला पोलीस बोलवायचे तर बोलव, मी इथून हलत नाही.”

मागून मास्तर काहीतरी बोलला, डॉक्टरीणबाई रडायला लागल्या की मला थंडी वाजते, आणि बापाच्या वळणाची माझी मुलगी बापाच्याच तोंडातल्या चार शिव्या हासडून मागे वळली. आंब्रोस शेवटी उठला. त्यांच्या मागून खाली आला. पुन्हा शेवटी.

नऊच्या सुमाराला ते ओट्यावर पोचले. डॉक्टर मला म्हणाला, फळ्यावर पूल चांगला आहे असं लिहिलंय आणि माणूस जाऊ देत नाही, ही काय पद्धत आहे. मी त्यांना चहा दिला. वेरेना आंब्रोसशी बोलत नव्हती. तिने पेला आपटला आणि ती दोर सुकवायला मागे गेली. साडेदहाला डोंगरावरून एक आवाज आला, फार मोठा नाही, कोठीत धान्याचं पोतं पडावं तसा. मी दुर्बिणीकडे गेले. वाट भेगेपर्यंत जात होती आणि भिंतीवरून पुढे शिखराकडे जात होती, आणि मधला पुलाचा तुकडा नव्हता. तिथे काळी फट होती. आंब्रोसने अडवलं नसतं तर साडेसातला पाच माणसं त्यावर असती, साडेदहाला परतताना पुन्हा त्यावर, आणि सगळ्यात पुढे माझी मुलगी.

मी वेरेनाला बोलावलं. तिने दुर्बिणीतून बघितलं. मग ती आत जाऊन बादलीत ओकली.

दुपारी गिऱ्हाइकं उतरून गेल्यावर मी पांढऱ्या वाइनची बाटली काढली आणि आंब्रोसच्या समोर पेला ठेवला. तो राईच्या पावाचे तुकडे सुपात बुडवून खात होता, मिशीला सूप लागलेलं होतं. इतकं झाल्यावरही त्या माणसाकडे बघून माझं डोकं फिरतच होतं.

“ही वाटेची वाइन,” मी म्हटलं.

“मी कुठे वाट फोडली? मी तर बसलो होतो.” मग त्याने पेला उचलून एका घोटात संपवला आणि पुन्हा पुढे केला. “पण आहे छान.”

मी दुसरा भरला. फडकं घेऊन फळा पुसला आणि लिहिलं: ‘मोठ्या भेगेवरचा पूल कोसळला. वाट बंद.’ खाली नाव लिहायला खडू टेकवला तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, “माझं नाव नको लिहूस, क्रेसेन्स. उद्यापासून सगळे मला पुढे जायला सांगतील.”

असा हा माणूस. मला रडू येत होतं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटत होती. मी खडू तसाच हातात धरून त्याच्यासमोर बसले. सकाळपासून एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

“एकदा झालो होतो बाजूला, म्हणालास. थेओडुलच्या वेळी?”

त्याने चमचा खाली ठेवला.

“तेव्हाही पावलं खचलेली दिसली होती तुला?”

“दिसली होती. पाच. मी दुसरं काय बघतो, क्रेसेन्स? आयुष्यभर लोकांची पावलंच बघतोय.”

“मग हाक का नाही मारलीस?” माझा आवाज इतका चढला की वेरेना दारात आली. “वीस पावलांवर होतास! एक हाक!”

“तोंड उघडलं होतं मी. ‘थेओडुल’ एवढं म्हणालोही. त्याने मागे वळून बघितलं आणि हसला.” आंब्रोस सुपात बघत होता. “म्हणाला, सकाळी बायको काय म्हणाली ऐकलंस ना? मग मी गप्प बसलो.”

त्या सकाळी ओट्यावरून दोर निघाले तेव्हा आंब्रोस काहीतरी सांगायला लागला होता, बर्फाबद्दलच. मी पाव कापत होते. शेपटीबद्दल मी काय म्हणाले होते ते मला आठवत होतं. सगळे हसले होते, आणि सगळ्यात मोठ्याने थेओडुल.